मिडफिल्डर व्हायचंय? आधी मान वळवायला शीक

स्ट्रायकरचे गोल दिसतात, गोलकीपरचे सेव्ह दिसतात. मिडफिल्डरचं, म्हणजे मधल्या फळीत खेळणाऱ्याचं, बरंचसं काम कॅमेऱ्यात येतच नाही, कारण बॉल पायाशी येण्याआधीच ते उरकलेलं असतं. मी सगळी कारकीर्द याच जागेवर काढली, तीही खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत, ज्यांची नावं तुम्ही ऐकली असण्याची शक्यता कमी. आता सोळा-सतराच्या पोरांना शिकवतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय, फक्त ओरडणं वगळून. मैदानावर मी सगळ्यांना अरे-तुरे करतो, इथेही तेच चालवून घ्या. मधे कराराचा भाग आहे, तो मात्र आई-वडिलांनी स्वतः वाचायचा.

तू नक्की कोणता मिडफिल्डर?

‘मी मिडफिल्डला खेळतो’ एवढ्याने कोचला काहीच कळत नाही. सहा नंबर बचावफळीच्या पुढे उभा राहतो, आठ नंबर एका गोलपुढच्या बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत धावतो, दहा नंबर स्ट्रायकरच्या मागच्या जागेत खेळतो. अकॅडमीत येणाऱ्या दहापैकी आठ पोरांना दहा नंबरच व्हायचं असतं. आणि नेमका निव्वळ दहा नंबर आज कमी संघांना लागतो. ते काम आत सरकणारे विंगर (कडेने खेळणारे) आणि वर चढणारे आठ नंबर वाटून घेतात. प्रेस न करणाऱ्या, म्हणजे बॉल गेल्यावर समोरच्यावर धावून न जाणाऱ्या, दहा नंबरला तर आता कोणी उभंही करत नाही.

म्हणून सतरापर्यंत एकाच जागेला चिकटू नकोस. इटलीच्या आंद्रेआ पिर्लोला सगळं जग बचावफळीपुढून खेळ चालवणारा म्हणून ओळखतं, पण तो वाढला दहा नंबर म्हणून. २००१ मध्ये तो लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, ब्रेशिया क्लबला गेला. तिथे दहा नंबरच्या जागेवर रोबेर्तो बाज्जो होता, मग कोच कार्लो माझोने यांनी पिर्लोला मागे ओढलं. तिथून मिलान, आणि २००६ चा वर्ल्ड कप. ‘माझी जागा ही नाही’ म्हणून तो तोंड पाडून बसला असता तर?

स्वतःची जागा ओळखायची एक साधी युक्ती देतो. आपल्या मॅचचा व्हिडिओ लाव आणि आपल्या संघाकडून बॉल गेला की तिथे थांबव. तुझी पहिली दोन पावलं कुठे पडतात? आपोआप गोलच्या दिशेने मागे पडत असतील तर तुझ्यात सहा नंबर आहे. बॉल असलेल्याच्या अंगावर पडत असतील तर आठ. जागच्या जागी हात वर करून उभा असशील, तर तू सध्या कुठलाच नाहीस, आणि ते आधी दुरुस्त कर.

मान

आता खरा मुद्दा. या जागेवर दोन खेळाडूंमधला फरक बहुतेक वेळा पायात नसतो, बॉल येण्याआधी कोणी किती वेळा मागे पाहिलं यात असतो. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी हे वर्षानुवर्षं मोजलंय. खेळाडूवर कॅमेरा रोखून, बॉल मिळण्याआधी तो किती वेळा डोकं फिरवतो ते ते मोजत राहिले. जे जास्त बघतात त्यांचे पास जास्त पोहोचतात, विशेषतः पुढे दिलेले. स्पेनचा झावी आणि इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड या मोजणीत वरच्या टोकाला होते. दोघांचा खेळ एकमेकांपासून किती वेगळा, तरी मान सारखीच फिरायची.

नुसतं ‘बघ, बघ’ म्हणून ओरडलं की पोरं डोकं नुसतं हलवतात, दिसत काहीच नाही. कधी बघायचं हे शिकावं लागतं. बॉल कोणाच्या तरी पायात असतो तेव्हा नजर बॉलवर हवी, कारण पुढचं सगळं त्याच्या टचवर ठरतं. बॉल एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो, ती वेळ फुकटची. त्या क्षणात बॉल दिशा बदलू शकत नाही. तेवढ्यात खांद्यावरून मागे बघून घ्यायचं.

हे जरा सावकाश बघू. तू सहा नंबर आहेस. डावा सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) उजव्या सेंटर बॅकला पास देतो. बॉल घरंगळत निघाला की पहिली नजर उजव्या खांद्यावरून: मागे कोण आहे, किती लांब आहे. उजव्या सेंटर बॅकने बॉल अडवला, नजर परत त्याच्यावर. त्याने मान वर केली, म्हणजे पास आता येणार. तू दोन पावलं बाजूला सरकतोस, मार्क करणाऱ्याच्या सावलीतून बाहेर, आणि पास सुटला की दुसरी नजर डाव्या खांद्यावरून. आता अंग उघडं, म्हणजे छाती ना पूर्ण आपल्या गोलकडे ना पूर्ण त्यांच्या, तिरकी. बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. मागे कोणी नसेल तर पहिल्या टचलाच वळायचं. कोणी असेल तर जवळच्या पायाने एका टचमध्ये परत. हा निर्णय बॉल पायाला लागण्याआधी झालेला हवा. पायाशी आल्यावर विचार सुरू झाला की बॉल गेला म्हणून समज.

सरावासाठी तिघे पुरेत. एका रेषेत उभे राहा, तू मधे. पुढचा पास देतो, मागचा तेव्हाच हाताची बोटं दाखवतो. बॉल तुझ्यापर्यंत यायच्या आत आकडा मोठ्याने बोलायचा. सम असेल तर वळून मागच्याला पास, विषम असेल तर एका टचमध्ये परत. सुरुवातीला पोरं आकडा बरोबर सांगतात आणि बॉल पायाखालून सोडतात. हसण्यासारखं काही नाही, दोन्ही जुळायला वेळ लागतो. चौघांविरुद्ध दोघांचा रोंडो (बाहेरचे पास देत राहतात, मधले बॉल हिसकावतात) सगळेच खेळतात. त्यात एकच नियम वाढव: पास मिळण्याआधी ज्याने मागे पाहिलं नाही तो मधे जाणार. दहा मिनिटांत सगळ्यांच्या माना फिरायला लागतात.

आमच्याकडे एक मुलगा होता. डावा पाय असा, की बघत राहावं. पण मान खिळ्याने ठोकल्यासारखी. मागून धक्का खाऊन बॉल घालवायचा आणि रेफरीकडे बघायचा. त्याला मी सरावात महिनाभर एका टचच्या वर खेळूच दिलं नाही. एकाच टचमध्ये खेळायचं म्हटलं की आधी बघण्यावाचून गत्यंतर नसतं. तोच मुलगा आता पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघतो आणि धक्का बसायच्या आत बॉल सोडून मोकळा होतो.

कमकुवत पाय, टॅकल वगैरे

कमकुवत पायाने लांब पास नाही जमला तरी चालेल. वीस मीटरपर्यंतचा पास आणि पहिला टच दोन्ही पायांनी सारखाच हवा. नाहीतर समोरचा संघ तुला एकाच बाजूला वळायला लावतो, आणि हे त्यांच्या कोचला पंधरा मिनिटांत कळतं.

टॅकलचं, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल हिसकावण्याचं, कौतुक आवरतं घे. मैदानावर घसरून केलेल्या टॅकलला टाळ्या पडतात, पण सहा नंबर जमिनीवर पडला की तो दोन-तीन सेकंद खेळात नसतो आणि त्याच्यामागे सगळं मैदान उघडं पडतं. उभं राहून पासची वाट अडवणं हे खरं कौशल्य. स्पेनचा सहा नंबर सर्जिओ बुस्केट्सची कुठलीही जुनी मॅच काढ आणि बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघ. कपडे क्वचितच मळलेले दिसतील.

ट्रायलमध्ये मिडफिल्डर हरवतो

ट्रायलची मॅच म्हणजे एकमेकांना न ओळखणारे बावीस जण, आणि प्रत्येकाला स्वतःला दाखवायचंय. पास कोणी देत नाही. सगळ्यात जास्त मार बसतो तो मिडफिल्डरला, कारण त्याचा खेळच दुसऱ्यांच्या पासवर चालतो. मग पोरं घाबरून तीस मीटरवरून शॉट मारत सुटतात. असं करू नकोस.

वॉर्म-अपमध्येच दोन्ही सेंटर बॅकना गाठ. नावं विचार. ‘मी तुझ्या पुढे आहे, अडलास की मला दे, परत देईन.’ एवढं वाक्य पुरतं. घाबरलेल्या सेंटर बॅकला सुटकेची वाट दाखवणारा माणूस देवासारखा वाटतो, तो दिवसभर तुलाच बॉल देतो. पहिले तीन-चार पास साधे आणि अचूक. मॅचभर बोलत राहा: ‘वळ’, ‘मागे आहे’, ‘वेळ आहे’. निवडायला बसलेल्यांना मैदानाबाहेरून आवाज ऐकू येतो, आणि मागचं चित्र दिसत असल्याशिवाय माणूस ‘मागे आहे’ म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. बॉल गेल्यावर परत धावणं तर ते हमखास टिपतात.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर गाणं लावलेली तीन मिनिटांची क्लिप एकटी पाठवू नकोस. विंगरसाठी ती चालते. मिडफिल्डरची पूर्ण मॅच लागते, बॉल नसताना तो कुठे उभा असतो ते बघायला. एखादी बरोबरीत सुटलेली, घासून झालेली मॅच निवड. सात-शून्यच्या विजयात सगळेच झावी दिसतात.

मोठ्या क्लबचा बिल्ला की नियमित मॅच?

अठरा ते बावीस या वयात मॅच. यावर मी वाद घालत नाही. बेंचवर बसून पायात ताकद आणता येते, नजर आणता येत नाही.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला दिनामो झाग्रेब क्लबने अठराव्या वर्षी लोनवर बोस्नियाच्या लीगमध्ये झ्रिन्यस्की मोस्तारला पाठवलं होतं. खडबडीत मैदानं, अंगावर येणारे बचावपटू. २०१८ मध्ये बॅलन डी’ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळालेला हाच तो मॉड्रिच. एन्गोलो कांटे २०१२-१३ मध्ये बुलोन क्लबकडून फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. २०१६ ला तो लेस्टरबरोबर इंग्लंडच्या लीगचा विजेता झाला, पुढच्या वर्षी चेल्सीबरोबर आणि २०१८ ला फ्रान्सबरोबर जगज्जेता. स्पेनच्या रॉड्रीला सतराव्या वर्षी अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या युवा संघातून बाहेर पडावं लागलं, शरीर कमी पडतं म्हणून. तो विलारेआलमध्ये घडला, २०१८ मध्ये त्याच अ‍ॅटलेटिकोने त्याला परत घेतलं, आणि एका वर्षात तो मँचेस्टर सिटीत होता.

लोनवर जाण्याआधी फक्त तीन गोष्टी विचार. तिथला संघ मिडफिल्डमधून खेळतो की बॉल डोक्यावरून पुढे फेकतो? दुसऱ्या प्रकारचा असेल तर वर्षभर वर बघून मान दुखेल, एवढंच. तुझ्या जागेवर सध्या कोण आहे आणि त्याचा करार कधीपर्यंत? आणि तुला ज्याने मागवलं तो कोच आहे की क्लबचा डायरेक्टर? डायरेक्टरने आणलेला आणि कोचला नको असलेला खेळाडू जानेवारीपर्यंत स्टँडमध्ये बसलेला मी पाहिलाय.

करार (आई-वडिलांनी वाचावा)

इथे मी तुमच्याशी बोलतोय. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या नियमांनुसार अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आई-वडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘परदेशी क्लबचा करार आणून देतो, आधी थोडी फी भरा’ असं कोणी सांगितलं तर चहासुद्धा न विचारता त्याला वाटेला लावा.

एजंटला फिफाचं लायसन्स लागतं आणि ते परीक्षा देऊन मिळतं. आहे की नाही ते तपासता येतं, तपासा. खेळाडूबरोबरचा त्याचा प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुलाचा पहिला व्यावसायिक करार करण्याचं वय जवळ येण्याच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटने त्याला गाठायचंच नसतं, आणि त्यानंतरही पालकांची लेखी परवानगी लागते. सरावानंतर पार्किंगमध्ये मुलाशी परस्पर गप्पा मारणारा ‘काका’ बहुतेक वेळा हाच नियम मोडत असतो.

क्लबच्या करारात बघायच्या गोष्टी. अठराच्या आतल्या मुलाचा करार तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला जातो, मोठ्यांचा सर्वसाधारणपणे पाच. करार वैध होण्यासाठी मेडिकल पास होण्याची किंवा वर्क परमिट मिळण्याची अट घालता येत नाही. मेडिकल सहीच्या आधी करायची. सही झाल्यावर ‘गुडघा बरोबर नाही, करार रद्द’ म्हणणाऱ्या क्लबची बाजू लंगडी असते. पगार थकला तर गप्प बसू नका. कमीत कमी दोन महिन्यांचा पगार मुदतीत मिळाला नाही आणि क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली, तर त्यानंतर खेळाडूला रास्त कारणाने करार मोडता येतो. नोटीस लेखीच हवी. फोनवरचं ‘पुढच्या आठवड्यात करतो’ हा पुरावा होत नाही.

आणि करार संपत आला की हातपाय गाळू नका. शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. १९९५ च्या बॉसमन या खेळाडूच्या खटल्यातल्या निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात ट्रान्सफर फीशिवाय मोकळा होतो. पिर्लो २०११ मध्ये असाच मिलानहून युव्हेंटसला गेला, फुकटात, बत्तिसाव्या वर्षी, आणि तिथे लागोपाठ चार वेळा इटलीची लीग जिंकला.

शरीर

मिडफिल्डर एका मॅचमध्ये साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. पण सरळ नाही. थांब, वळ, पाच मीटर जोरात, पुन्हा थांब. म्हणून लांब पल्ल्याचं धावणं एकटं उपयोगाचं नाही. छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळलास तर फुप्फुसं, पाय आणि मान तिन्ही एकदम तयार होतात.

फिफाचा ‘११+’ नावाचा वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा. कंटाळवाणा आहे, मान्य. पण दुखापती कमी होतात हे त्याच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय, आणि तो फुकट आहे. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) व्यायाम पोरं चुकवतात, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. तोच चुकवायचा नाही. जांघेचे व्यायामही तितकेच महत्त्वाचे, सतत वळणाऱ्याची जांघच आधी बोलते.

गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, गेलं तर सहा महिन्यांत परत येण्याच्या फुशारक्या मारू नकोस. रॉड्रीचं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेलं. पुढच्याच महिन्यात तो कुबड्या घेऊन बॅलन डी’ऑर घ्यायला स्टेजवर चढला, आणि मैदानात परतायला मे उजाडला. जगातली उत्तम वैद्यकीय टीम दिमतीला असून. त्या काळात मात्र एक काम करता येतं: स्टँडमध्ये उंचावर बसून आपल्याच संघाच्या मॅच बघायच्या. मैदानावरून न दिसणाऱ्या रिकाम्या जागा तिथून दिसतात.

तिशीनंतर

वेग जायला लागला की स्ट्रायकर आणि विंगरची पंचाईत होते. मिडफिल्डरला मागे सरकायला जागा असते. पण सरकायचं ते पाय थकायच्या आधी, थकल्यावर नाही. बास्टियन श्वाइनस्टायगर बाजूने खेळायचा. बायर्नमध्ये लुई व्हॅन गाल यांनी त्याला मधे आणलं तेव्हा तो पंचविशीत होता, आणि २०१४ ची वर्ल्ड कप फायनल तो मधूनच खेळला. पॉल स्कोल्सची सुरुवात फॉरवर्ड म्हणून झाली, शेवट खोल मिडफिल्डमधून पास वाटण्यात. हॅविअर मास्केरानो बार्सिलोनात चक्क सेंटर बॅक झाला. लोथार मॅथेउस मिडफिल्डमधून स्वीपरवर (बचावफळीच्याही मागच्या जागेवर) गेला आणि २००० च्या युरोपर्यंत, म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत, जर्मनीकडून खेळला.

तेव्हा अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी कोचला स्वतःहून सांग की सरावात मला एक जागा मागे खेळव. बेंचवर बसवल्यावर सांगितलंस तर ती विनवणी वाटते. सेट पीसचा (फ्री किक, कॉर्नर) बॉल मारायला शीक, त्याला वय लागत नाही. आणि कार्ड सांभाळ. काउंटर अटॅक (बॉल हिसकावून केलेला झटपट हल्ला) थांबवायला मुद्दाम केलेला फाउल प्रत्येक सहा नंबरला करावा लागतो, पण विसाव्या मिनिटाला पिवळं कार्ड घेतलंस तर उरलेली सत्तर मिनिटं तू अर्धाच खेळाडू.

थांबायचं कधी, हे ज्याचं त्याने ठरवावं. टोनी क्रूस २०२४ च्या युरोनंतर चौतिसाव्या वर्षी थांबला, अजून हवाहवासा असताना. मॉड्रिच चाळिशीच्या उंबरठ्यावर मिलानला गेला. दोघांचंही मला पटतं.

कोच व्हायचा विचार असेल तर लायसन्सची पहिली पायरी खेळत असतानाच कर. गार्डिओला, अँचेलॉट्टी, देशाँ, झाबी अलोन्सो, आर्टेटा हे सगळे मिडफिल्डरच. पण खेळणं आणि शिकवणं यात फार अंतर आहे. त्याची चव घ्यायला तुझ्याच क्लबच्या बारा वर्षांखालच्या संघाचा आठवड्यातून एक सराव मागून घे. त्या पोरांना ‘मागे बघ’ हे एकदाही न ओरडता शिकवता आलं, तर लायसन्सचा अर्ज भर.